डेरोझिओंची मुले

शाळेत शिकलेल्यापैकी माणसाच्या स्मरणात काय उरते, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. सनावळ्या जातात, भूमितीची प्रमेये जातात, पाठ केलेल्या कवितेच्या पहिल्या दोन ओळींपुढे बहुतेकांची गाडी सरकत नाही. शिक्षक मात्र उरतो. चार जुने वर्गमित्र एकत्र जमले की दहा मिनिटांत बोलणे एखाद्या सरांवर किंवा बाईंवर येते. माझे निरीक्षण असे की, मराठी माध्यमातून शिकलेल्या मुलांत हा मान पुष्कळदा इंग्रजीच्या शिक्षकाला मिळतो. कारण उघड आहे. इतर विषय आपल्या ओळखीच्या भाषेतून येतात. इंग्रजी मात्र येते तीच भीती बरोबर घेऊन. एके काळी ती आठवीत येई, पुढे पाचवीत येऊ लागली आणि २००० सालापासून महाराष्ट्रात पहिलीतच आली. भीतीचे वय बदलले, भीती गेली नाही. त्या भीतीच्या दिवसांत ज्याने हात धरला, त्याला मूल विसरत नाही.

परंतु 'हात धरला' म्हणजे नेमके काय केले? प्रेमळ शिक्षक पुष्कळ असतात, विद्वानही असतात. त्या सर्वांची आठवण काही वीस-पंचवीस वर्षे टिकत नाही. मग ज्यांची टिकते त्यांच्यापाशी असे काय असते? मी स्वतः यंदा कला शाखेच्या शेवटच्या वर्षात, इंग्रजी हा विशेष विषय घेऊन शिकत आहे आणि पुढे बी.एड. करून शाळेत शिकवावे असा माझा विचार आहे. त्यामुळे हा प्रश्न माझ्या दृष्टीने केवळ चर्चेचा नाही. त्याचे उत्तर शोधताना मला सर्वांत अधिक मदत झाली ती जवळजवळ दोनशे वर्षांपूर्वी कलकत्त्यात शिकवणाऱ्या एका तरुण शिक्षकाची आणि त्याच्या विद्यार्थ्यांची.

हेन्री लुई व्हिव्हियन डेरोझिओ हे नाव इंग्रजीच्या विद्यार्थ्यांना ठाऊक असते ते कवी म्हणून. भारतीयांनी इंग्रजीत लिहिलेल्या कवितेचा इतिहास बहुधा त्यांच्यापासून सुरू करतात. त्यांची एखादी कविता नेमलेली असते, वर चार ओळींचा परिचय असतो, आणि त्यात 'हिंदू कॉलेजात काही काळ शिक्षक होते' असे एक वाक्य असते. ग्रंथालयात थोडे अधिक वाचल्यावर माझ्या ध्यानात आले की, त्या एका वाक्यातच त्यांचे निम्म्याहून अधिक कर्तृत्व दडलेले आहे.

डेरोझिओ यांचा जन्म १८ एप्रिल १८०९ रोजी कलकत्त्यात झाला. घराणे पोर्तुगीज-भारतीय वंशाचे, वडील एका इंग्रज व्यापारी पेढीत नोकरीस. मुलाला त्यांनी घातले ते डेव्हिड ड्रमंड या स्कॉटिश शिक्षकाच्या शाळेत. धरमतला भागातील या शाळेत युरोपीय, मिश्रवंशीय आणि हिंदी मुले एकाच बाकावर बसत. त्या काळी ही साधी गोष्ट नव्हती. ड्रमंड स्वतंत्र विचाराचे गृहस्थ होते आणि काव्याचे भोक्ते होते. म्हणजे डेरोझिओ हे स्वतःच एका चांगल्या शिक्षकाचे विद्यार्थी होते, हे विसरून चालणार नाही. चौदाव्या वर्षी शाळा सुटली. काही दिवस वडिलांच्या पेढीत कारकुनी झाली, मग भागलपूरला नातेवाइकांच्या निळीच्या कारखान्यावर मुक्काम झाला. तेथे गंगेच्या काठी बसून त्यांनी कविता लिहिल्या आणि कलकत्त्याच्या 'इंडिया गॅझेट'कडे पाठवल्या. त्यातून नाव झाले आणि १८२६ साली हिंदू कॉलेजात त्यांना शिक्षकाची जागा मिळाली. वय होते अवघे सतरा!

हिंदू कॉलेज हे १८१७ साली सुरू झालेले. पुढे १८५५ साली त्याचेच प्रेसिडेन्सी कॉलेज झाले. नावात 'कॉलेज' असले, तरी त्या काळी तेथे लहान मुलांचेही वर्ग होते. राधानाथ शिकदार आणि रामतनू लाहिरी यांचा जन्म १८१३ चा, प्यारीचांद मित्र यांचा १८१४ चा. म्हणजे आजच्या हिशेबाने ही सारी हायस्कुलातली मुले होत. शिक्षक आणि विद्यार्थी यांच्यात अंतर चार-पाच वर्षांचे. त्यांना थोरला भाऊच मिळाला म्हणा ना!

डेरोझिओ इंग्रजी वाङ्मय आणि इतिहास हे विषय शिकवीत. पुस्तके त्या काळच्या रिवाजाप्रमाणेच होती: गोल्डस्मिथने लिहिलेले ग्रीस-रोमचे इतिहास, पोपने इंग्रजीत आणलेला होमर, मिल्टन, शेक्सपिअर. पुस्तकात नवे काही नव्हते, नवी होती ती रीत. धड्यातील प्रसंग घ्यायचा आणि मुलांना विचारायचे, हा मनुष्य बरोबर वागला का? तुम्ही त्या जागी असता तर काय केले असते? एका मुलाने एक बाजू मांडली की दुसऱ्याने विरुद्ध बाजू मांडायची. घंटा झाली तरी बोलणे थांबत नसे. शाळा सुटल्यावर मुले त्यांच्या घरी जात आणि तेथे वाचन चाले. १८२८ साली यातूनच 'अकॅडेमिक असोसिएशन' ही वादसभा निघाली. ती पुढे माणिकतला भागात एका बागेतल्या घरात भरू लागली. दैव मोठे की प्रयत्न, सत्य म्हणजे काय, मूर्तिपूजा योग्य की अयोग्य, असे विषय असत. डेरोझिओ अध्यक्ष असत आणि डेव्हिड हेअर यांच्यासारखी शहरातील वडीलधारी मंडळीही ऐकायला येऊन बसत.

येथे एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे. इंग्रजी ही या मुलांची भाषा नव्हती. घरी बंगाली, पाठशाळेत थोडे संस्कृत किंवा फारसी, आणि कॉलेजात ही तिसरीच भाषा. परकी भाषा शिकवण्याचे दोन मार्ग असतात. एक म्हणजे दुसऱ्याची वाक्ये तोंडपाठ करवून घेणे. दुसरा म्हणजे मुलाला सांगण्यासारखे काहीतरी असेल अशी परिस्थिती निर्माण करणे, की मग ते सांगण्यासाठी मूल आपण होऊन शब्द शोधू लागते. पहिल्या मार्गाने परीक्षा लवकर सुटते. डेरोझिओंनी दुसरा मार्ग धरला. मुलांची इंग्रजी सुधारली ती वादात हरायचे नाही म्हणून. आणि वाद करता करता ती विचार करू लागली.

याचा परिणाम व्हायचा तोच झाला. घरोघरी मुले प्रश्न विचारू लागली. काहींनी मर्यादाही ओलांडली, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. निषिद्ध अन्न खाण्यात पराक्रम मानणारी, वडीलधाऱ्यांना मुद्दाम दुखावणारी मुले त्यांत होती. शहरात ओरड झाली, पालक बिथरले, मुलांना काढून घेऊ लागले. एप्रिल १८३१ मध्ये व्यवस्थापक मंडळाची बैठक भरली. या शिक्षकाचा काही अपराध सिद्ध झाला आहे काय, यापेक्षा हिंदू समाजाची मनःस्थिती पाहता त्यांना ठेवणे सोयीचे आहे काय, या प्रश्नावर निर्णय झाला. संस्कृतचे पंडित आणि मेघदूताचे इंग्रजी भाषांतरकार होरेस हेमन विल्सन, तसेच डेव्हिड हेअर हे दोघे मत देण्यापासून दूर राहिले. डेरोझिओंनी २५ एप्रिलला राजीनामा दिला. आपल्याला काही न विचारता, आपले काही न ऐकता दूर करण्यात आले, एवढीच त्यांची तक्रार होती.

विल्सन यांनी त्यांना खाजगी पत्र लिहून तीन प्रश्न विचारले. तुम्ही ईश्वर मानता की नाही? आईबापांची आज्ञा पाळणे हे कर्तव्य नाही असे तुम्ही शिकवता काय? आणि भावाबहिणींच्या विवाहात गैर नाही असे म्हणता काय? लोकांत कोणत्या अफवा उठल्या होत्या, हे या प्रश्नांवरून कळते. डेरोझिओंचे उत्तर उपलब्ध आहे आणि प्रत्येक शिक्षकाने ते एकदा वाचावे असे मला वाटते. ईश्वराविषयी त्यांनी लिहिले की, मी मुलांना ह्यूमचे आक्षेप वाचून दाखवले हे खरे, पण त्या आक्षेपांना रीड आणि ड्युगाल्ड स्ट्युअर्ट यांनी दिलेली उत्तरेही वाचून दाखवली. एकच बाजू सांगितली असती, तर मुलांचे अज्ञान तसेच राहिले असते. आईबापांविषयी त्यांनी उदाहरणच दिले. दक्षिणारंजन मुखर्जी हा विद्यार्थी घरच्या जाचाला कंटाळून घर सोडायला निघाला, तेव्हा वडिलांचे पुष्कळ सोसले पाहिजे असे सांगून आपण त्याला परावृत्त केले होते. तिसऱ्या प्रश्नातील अफवा त्यांनी अर्थातच साफ झिडकारली.

नोकरी गेल्यावर त्यांनी 'ईस्ट इंडियन' हे वृत्तपत्र काढले. परंतु त्याच वर्षी, २६ डिसेंबर १८३१ रोजी, कॉलऱ्याने त्यांचे निधन झाले. शेवटच्या दुखण्यात त्यांचे काही विद्यार्थी उशाशी होते. वय बावीस. कलकत्त्याच्या साउथ पार्क स्ट्रीट दफनभूमीत त्यांना पुरले. शिक्षक म्हणून मिळाली ती सारी पाच वर्षे.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. विद्यार्थ्यांनी काय लक्षात ठेवले? प्यारीचांद मित्र यांनी १८७७ साली डेव्हिड हेअर यांचे चरित्र प्रसिद्ध केले. त्यात त्यांनी आपल्या गुरूबद्दल लिहिले आहे. ही आठवण सेहेचाळीस वर्षांनंतरची, लिहिणाऱ्याचे वय साठीच्या पुढचे. तीत कोणत्याही धड्याचे कौतुक नाही. स्वतःच्या बुद्धीने विचार करा, सत्यासाठी जगा आणि सत्यासाठी मरा, हे ते आमच्या मनावर बिंबवत. न्याय, देशप्रेम, परोपकार यांची उदाहरणे इतिहासातून वाचून दाखवत, असे त्यांनी नमूद केले आहे. कॉलेजात कामाला असलेल्या हरमोहन चटर्जी यांची आठवण तर अधिकच बोलकी आहे. त्या वेळी 'कॉलेजचा मुलगा' म्हणजे खोटे न बोलणारा मुलगा, असा लौकिक शहरात झाला होता, असे त्यांनी लिहून ठेवले आहे.

परंतु आठवणी हा पुरावा जरा कच्चाच. प्रेमापोटी माणूस चार शब्द वाढवून सांगतो. म्हणून विद्यार्थ्यांच्या बोलण्यापेक्षा त्यांची आयुष्ये पाहावीत.

राधानाथ शिकदार १८३१ सालीच भारताच्या मोजणी खात्यात गणिताच्या कामावर लागले. हिमालयातील 'पंधरा क्रमांकाच्या शिखरा'ची उंची काढण्याच्या गणितात त्यांचा वाटा मोठा होता. १८५६ साली ती २९,००२ फूट म्हणून जाहीर झाली आणि शिखराला एव्हरेस्ट हे नाव मिळाले. पण मला त्यांची दुसरी गोष्ट अधिक मोलाची वाटते. १८४३ साली एका इंग्रज मॅजिस्ट्रेटने खात्याच्या मजुरांना वेठीला धरले, तेव्हा या हिंदी नोकराने त्याला उघड विरोध केला आणि त्यापायी दोनशे रुपये दंड भरला. कृष्णमोहन बॅनर्जी १८३२ साली ख्रिस्ती झाले, धर्मोपदेशक झाले आणि त्यांनी 'विद्याकल्पद्रुम' हा ज्ञानकोश बंगालीत तयार केला. रामगोपाल घोष व्यापारी आणि नामांकित वक्ते झाले. रामतनू लाहिरी ब्राह्म विचारांकडे वळले, १८५१ साली त्यांनी जानवे टाकले, आणि आयुष्यभर ठिकठिकाणच्या शाळांत मास्तरकी केली. प्यारीचांद यांनी टेकचांद ठाकूर या नावाने 'आलालेर घरेर दुलाल' लिहून बोलीच्या बंगालीला कादंबरीत आणले. १८५४ साली ते आणि राधानाथ या जुन्या वर्गबंधूंनी मिळून एक मासिकही काढले. ते साध्या बंगालीत होते आणि मुख्यतः स्त्रियांना वाचता यावे म्हणून होते.

ही यादी मी मुद्दाम दिली. एक ख्रिस्ती, एक ब्राह्म. एक गणिती, एक व्यापारी, एक कादंबरीकार, एक शाळामास्तर. एकही दुसऱ्यासारखा नाही आणि गुरूसारखा तर कोणीच नाही. लोक त्यांना 'डेरोझियन' म्हणत, पण त्यांचा पंथ असा कधी झाला नाही. माझ्या प्रश्नाचे उत्तर मला येथे मिळाले. ज्या शिक्षकाने आपली मते दिली असती, त्याच्या हातून त्याच मतांची मुले बाहेर पडली असती. डेरोझिओंनी मते दिली नाहीत, सवय दिली: दोन्ही बाजू पाहायच्या, मग स्वतः ठरवायचे, आणि ठरवले की त्याची किंमत मोजायची. मत जुने होते, खोटेही ठरते. सवय माणसाबरोबर वाढते. म्हणून ज्याने सवय लावली तो शिक्षक पन्नास वर्षे टिकतो.

दुसरी गोष्ट भाषेची. इंग्रजीच्या शिक्षकाचे ऋण या मुलांनी फेडले ते पुष्कळसे बंगालीत. परक्या भाषेने त्यांना आपल्या भाषेपासून तोडले नाही, उलट आपल्या भाषेत अजून काय काय आणायचे राहिले आहे याची जाणीव करून दिली. आपल्याकडेही त्याच सुमारास असेच काही घडत होते. डेरोझिओ गेले त्यानंतर अवघ्या अकरा दिवसांनी, ६ जानेवारी १८३२ रोजी, मुंबईत 'दर्पण'चा पहिला अंक निघाला, इंग्रजी आणि मराठी अशा दोन भाषांत. तो काढणारे बाळशास्त्री जांभेकरही तरुण होते आणि पुढे एल्फिन्स्टनमध्ये शिक्षक झाले. दादाभाई नौरोजी त्यांच्या हाताखालून गेले. कलकत्त्याचा आणि मुंबईचा प्रत्यक्ष संबंध मी जोडत नाही. पण चांगल्या शिक्षकाच्या हाती परकी भाषा काय करू शकते, हे दोन्हीकडे सारखेच दिसते.

हे सारे मोठ्या माणसांचे झाले, असे कोणी म्हणेल. तसे नाही. माझ्या शाळेतील इंग्रजीच्या बाई तालुक्याच्या गावाबाहेर फारशा कोणाला ठाऊक नाहीत. त्या वर्गात गाईड आणू देत नसत. निबंध तपासताना गाईडातले सुबक वाक्य सापडले की त्याखाली रेघ मारून त्या लिहीत, "हे कोणाचे?" आणि चुकीचे पण स्वतःचे वाक्य असले की ते दुरुस्त करून वर्गात वाचून दाखवीत. दोन वर्षांपूर्वी त्या निवृत्त झाल्या, तेव्हा निरोपाच्या समारंभात माजी विद्यार्थी बोलले. त्यांत एक एस.टी. कंडक्टर होता, एक परिचारिका होती, एक खते-बियाण्यांचे दुकान चालवणारा होता. गुणांविषयी एकही बोलला नाही. परिचारिका एवढेच म्हणाली, "डॉक्टरांना प्रश्न विचारायची भीती वाटत नाही, ती बाईंमुळे." कंडक्टर म्हणाला, "कोणी काही छापील सांगितलं की मी मनात म्हणतो, हे कोणाचं?" सभागृह हसले, पण मला त्यात हसण्यासारखे काही वाटले नाही. बाईंनी डेरोझिओंचे नावही कधी घेतले नसेल, पण काम तेच होते.

आज शिक्षक होण्याचा विचार बोलून दाखवला की घरचे सुस्कारा सोडतात, आणि त्यात त्यांची चूक नाही. पात्रता परीक्षा द्या, भरतीची वाट पाहा, विनाअनुदानित शाळेत तुटपुंज्या पगारावर दिवस काढा, वर शिकवण्याबरोबर दहा कामे करा. शिवाय पालकांना हवे असतात गुण आणि मुलांना हव्या असतात तयार नोट्स. प्रश्न विचारायला शिकवणारा शिक्षक कोणालाच सोयीचा नसतो, हे १८३१ सालच्या त्या बैठकीने दाखवूनच दिले आहे. तरीही ड्रमंडकडून डेरोझिओंकडे, डेरोझिओंकडून रामतनू लाहिरींकडे, आणि लाहिरींकडून गावोगावच्या शाळांतील मुलांकडे ती सवय गेलीच. लाहिरींचे चरित्र शिवनाथ शास्त्री यांनी १९०४ साली बंगालीत लिहिले. मास्तराच्या त्या चरित्रात मास्तरांचे मास्तरही येऊन बसले आहेत. ही साखळी पाहिली की सुस्कारे ऐकूनही माझा विचार बदलत नाही.

एक खंत मात्र राहते. डेरोझिओंनी आपल्या विद्यार्थ्यांना उद्देशून एक सुनीत लिहिले आहे आणि त्यात या मुलांच्या भविष्याकडे त्यांनी मोठ्या आशेने पाहिले आहे. मुलांचे उत्तर आले ते चाळीस-पन्नास वर्षांनी, चरित्रांतून आणि आठवणींतून. वाचायला ते नव्हते. आपल्यापैकी बहुतेकांचे शिक्षक सुदैवाने अजून आहेत. कोणी गावी, कोणी मुलाकडे पुण्या-मुंबईला. त्यांना भेटून किंवा दोन ओळींचे पत्र लिहून नुसते 'आपले उपकार' म्हणू नये. त्यांनी नेमके काय केले आणि त्याचा आपल्याला नेमका कुठे उपयोग झाला, ते सांगावे. शिक्षकाला आपल्या कामाचा निकाल कळण्याचा दुसरा मार्ग नाही.